एकशे सत्तावीसच्या पुढे

नलिनी परबला ऑफिसात एका वाक्यावर बंदी घालायची होती. तेवढा तिचा अधिकार नव्हता, म्हणून तिनं ते स्वतः कधी उच्चारलं नाही, एवढंच. ते वाक्य म्हणजे, ‘माझ्याकडे तर चालतंय.’

मुलुंडला शास्त्री मार्गावरच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात तिचं ऑफिस. खालच्या गाळ्यात बाटल्यांची बुचं बनतात, वर दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर. खालचं यंत्र सुरू झालं की वरची फरशी बारीक थरथरते. नवीन आलेली मुलं पहिल्या दिवशी टेबलावर हात ठेवून बघतात, आणि मग नलिनीकडे बघतात. ती मान हलवते. होतं असं, सवय होते.

तिचे वडील लालबागला गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही पुन्हा त्यांची झाली नाही. भांडुपला एका कारखान्याच्या गेटवर ते उरलेली वर्षं बसले. नलिनी बी.एस्सी. झाली आणि घाटकोपरच्या एका क्लासात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली. जावा शिकलं की अमेरिका, असं तेव्हा क्लासवाल्यानं भिंतीवर रंगवूनच ठेवलं होतं. अमेरिका झाली नाही, अंधेरी झाली. तिथल्या कंपनीत ती दहाएक वर्षं होती. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि घरातलं कुणी तरी घरी राहायला हवं असं ठरलं. कोण, हे ठरवावं लागलं नाही.

सासूबाई गेल्यावर ती पुन्हा नोकरी शोधायला निघाली तेव्हा भाषा तीच होती, पण बोलणाऱ्यांची लकब बदललेली. मुलाखतीला समोर पंचविशीतली मुलं. “मॅम, मधली पाच वर्षं काय केलंत?” असं विचारायची. नलिनी खरं ते सांगायची आणि घरी यायची. शेवटी देवेशनं बोलावलं. अंधेरीला तो तिच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला होता. आता मुलुंडला स्वतःची कंपनी काढून बसला होता. “ताई, तुम्ही या फक्त,” तो म्हणाला होता. “मधल्या वर्षांचं मला सांगू नका.”

तेव्हापासून ती इथं आहे. तिच्याकडे येतात त्या बहुतेक दुसऱ्यांच्या चुका. जिथं काही तरी असेल असं धरून चाललो तिथं काहीच नसणं, हे जावावाल्यांचं रोजचं दुखणं. पेशंटनं फोन नंबर दिला नाही आणि त्याचं बिलच निघेना, असं. दुसरं दुखणं याहून वाईट. चूक पकडायची सोय भाषेत असते. घाईतली मुलं ती चूक पकडतात आणि पुढं काहीच लिहीत नाहीत. प्रोग्राम शांतपणे चालत राहतो, आत काय मोडलं ते कुणाला कळत नाही. अशी रिकामी जागा दिसली की नलिनी त्या मुलाला खुर्ची ओढून शेजारी बसवते.

“ओरडू दे रे तिला,” ती म्हणते. “तोंड दाबलंस तर ती भलतीकडून बोलते.”

या वेळची चूक बोलली ती घाटकोपरहून.

घाटकोपर पूर्वेला एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथली नंबर पुकारायची व्यवस्था देवेशच्या कंपनीची: पेशंटला चिठ्ठीवर नंबर मिळतो, शिपाई कॉम्प्युटरवर ‘पुढचा’ असं बटण दाबतो, भिंतीवरच्या बोर्डावर आकडा उमटतो आणि स्पीकरमधून बाईचा आवाज तो वाचतो. दवाखान्याची तक्रार अशी आली, की बुधवारी दुपारी नंबर मागंपुढं होतात. नंदू नावाचा शिपाई ओळखीच्यांना आधी सोडतो आणि त्यासाठी हात ओले करून घेतो, असं लोक उघड बोलायला लागले होते. ट्रस्टी चंद्रप्रकाशजींनी कंपनीकडून एक पत्र मागवलं होतं. सॉफ्टवेअर ठीक आहे का, एवढंच सांगा. ठीक असेल तर नंदूला ते काढणार होते.

देवेशनं नोंदी काढून बघितल्या होत्या. बुधवारी दुपारनंतर आकडे ‘पुढचा’ बटणावरून गेलेच नव्हते. नंदूच्या नावानं, हातानं घातलेले होते. क्रमही उलटासुलटा.

“क्लिअर आहे ना, ताई,” देवेश म्हणाला. “सिस्टीमला वळसा घालतोय तो. आपण इथं चालवून बघितलं, झकास चालतंय. तुम्ही टेक्निकल हेड, तुमची सही लागेल.”

“किती पेशंट घालून बघितलं?”

“नेहमीचे. पाच-सहा.”

“बुधवारी मी तिकडे जाऊन बसते,” नलिनी म्हणाली. “सही मग करते.”

“एका पत्रासाठी?”

“एका माणसासाठी म्हण.”

देवेश हसला. “तुम्ही अंधेरीलाही अशाच होतात. डिलिव्हरी थांबवायच्या.”

बुधवारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा हॉल भरलेला होता. दोन महिन्यांपासून ट्रस्टनं बुधवारची तपासणी मोफत केली होती. विक्रोळी, कुर्ल्यापासून माणसं आलेली. निम्म्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते. ती माणसं डोळे मिटून, हनुवटी जराशी वर करून बसली होती. बोर्ड त्यांच्या उपयोगाचा नव्हता. ती स्पीकरमधल्या बाईवर विसंबून होती.

दारापाशी स्टुलावर नंदू. पन्नाशीचा, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेला.

“कंपनीच्या तुम्ही?” त्यानं विचारलं. “माझ्यावर नजर ठेवायला पाठवलंय?”

“मशीनवर.”

“मशीनला कोण काढतंय?” तो म्हणाला, आणि बटण दाबलं. बाईनं एकोणीस नंबर पुकारला.

सकाळ सुरळीत गेली. नलिनी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि त्याचा हात बघत राहिली. डॉक्टरांची घंटी वाजली की बटण, घंटी वाजली की बटण. मधूनच तो माइक घ्यायचा आणि सांगायचा, “थेंब घातलेल्यांनी उठू नये, तुमचा नंबर आला की मी हात धरून आणीन.” आणि आणायचाही. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून त्यानं विचारलं, “परब. खंयचे?”

“सासर कुडाळकडचं. माहेर कणकवलीचं.”

“मगे हयसर कित्याक इलास, माझी नोकरी घेवक?” तो म्हणाला. थट्टा होती का, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. दुपारी त्यानं स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता तिच्यापुढं ठेवली.

जेवणानंतर एक म्हातारी उठून दारालाच उभी राहिली. शेवंतीबाई तिचं नाव. गेल्या बुधवारी दिवसभर बसून तपासणीशिवाय परत गेली होती.

“बसा ना आजी,” नंदू म्हणाला.

“बसले होते गेल्या टायमाला. तू माझ्या मागच्यांना पुढं घेतलंस. आता इथंच उभी राहते, बघते कोणाला सोडतोस ते.” मग नलिनीकडे वळून, “ह्याचे पाकीट बघा, मॅडम, पाकीट.”

नंदूनं ऐकलं आणि बोर्डाकडे बघत राहिला. नलिनीला वाटलं, या माणसानं हे आज पहिल्यांदा ऐकलेलं नाही.

एकशे सत्तावीस नंबरचा माणूस आत गेला. थोड्या वेळानं घंटी वाजली. नंदूनं बटण दाबलं.

बोर्ड कोरा झाला.

स्पीकर बोलला नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसांनी माना किंचित वळवल्या. नंदूनं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा. “दर बुधवारी हेच. सांगितलं तर नेट गेलं म्हणतात,” तो पुटपुटला. आत डॉक्टर खोळंबले, घंटी दोनदा वाजली. नंदूनं समोर दिसेल त्याला हात केला, “चला, तुम्ही चला,” आणि त्या माणसाचा नंबर हातानं कॉम्प्युटरात घातला. तो होता एकशे चौतीस.

“बघितलंत?” शेवंतीबाई म्हणाली. “माझा एकशे एकतीस.”

नलिनीनं बघितलं होतं. नंदू काय करतो तेही, आणि का करतो तेही. तिनं लॅपटॉप मांडीवर उघडला. खरं तर उघडायची गरज नव्हती. एकशे सत्तावीस हा आकडा तिला पाठ होता. इतका पाठ, की अंधेरीला असताना मुलाखतीला आलेल्या प्रत्येक मुलाला ती त्यावरचा प्रश्न घालायची. देवेशलाही घातला होता. त्याला उत्तर आलं नव्हतं, तेव्हा तिनंच समजावलं होतं.

जावात आकडा दोन तऱ्हांनी ठेवता येतो: नुसता, नाही तर डब्यात घालून. डब्याचा फायदा असा, की तो रिकामाही ठेवता येतो. पण दोन डबे सारखे आहेत का, हे विचारताना जपून विचारावं लागतं. आत सारखा जिन्नस आहे का, हा एक प्रश्न. हा तोच डबा आहे का, हा दुसरा. घाईत दुसराच विचारला जातो, कारण तो लिहायला सोपा. आणि तो खपूनही जातो, कारण एकशे सत्तावीसपर्यंतचे डबे जावानं आधीच भरून ठेवलेले असतात आणि मागेल त्याला तोच डबा मिळतो. एकशे अठ्ठावीसपासून दर वेळी नवा डबा. आत आकडा तोच, पण डबा वेगळा. आणि प्रोग्राम म्हणतो, असा पेशंटच नाही.

पाच-सहा पेशंट घालून हे कधीच दिसणार नव्हतं.

ती ओळ तिला सापडली. सहा महिन्यांपूर्वीचा बदल होता. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी बोर्डावर शून्य दिसायचं आणि लोक विचारायचे, शून्य नंबर कोणाचा; म्हणून आकडा डब्यात घालून रिकामा ठेवायची सोय केली होती. करणाऱ्याचं नाव: देवेश. रविवार. आणि खाली, तपासून मंजूर करणाऱ्याचं नाव: नलिनी परब. तिला तो रविवार आठवला. घरी पाहुणे होते. फोनवरूनच अंगठ्याचं चिन्ह पाठवून तिनं मंजुरी दिली होती.

कॉरिडॉरमध्ये जाऊन तिनं देवेशला फोन लावला.

“ताई, पत्र पाठवताय ना? चंद्रप्रकाशजींचा दोनदा फोन आला.”

“बोर्ड माझ्यासमोर कोरा झाला, देवेश.”

“नेट गेलं असेल. तिकडे नेटची बोंब आहे.”

“एकशे सत्तावीसनंतर झाला.”

पलीकडे खालच्या गाळ्यातल्या यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. समजावून सांगायची गरज पडली नाही.

“माझा बदल,” देवेश म्हणाला.

“तुझा. आणि मी न बघता ओके म्हटलेला.”

“वाट लागली.” मग सावकाश, “ताई, दोन ओळींचं काम आहे. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की मी टाकतो. पत्रात असं लिहू या, की काही तांत्रिक अडचण होती, ती दूर केली आहे. कोणाचं नावबिव नको. ते पुढच्या वर्षीचं काँट्रॅक्ट या महिन्यात रिन्यू करणार आहेत.”

“नाव नको म्हणतोस. नंदूचं नाव घेऊन झालंय रे लोकांचं.”

“मला माहीत नव्हतं ना.”

“मलाही नव्हतं. आता आहे.” ती म्हणाली. “पत्र मी लिहिते. चूक कंपनीची, नंदूनं हातानं नंबर घातले ते बोर्ड बंद पडला म्हणून, असं स्पष्ट. माझ्या सहीनं. तुझं नाव मी लिहीत नाही. तू फोन करून सांगायचंस की नाही, ते तू बघ.”

“मीच करतो फोन,” तो म्हणाला. “तुमच्या सहीमागं लपलो तर उद्या तुमच्या समोर कसा बसू?”

ती परत आली तेव्हा दारापाशी आवाज चढले होते. तिनं नंदूला बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. डब्यांचं सांगितलं नाही. आमची चूक होती, तुमची काही नाही, साहेबांना पत्र देतेय, एवढं सांगितलं. तो खूश होईल असं तिला वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली, कारण तो खूश झाला नाही.

“पत्र जातला हापिसात,” तो म्हणाला. “साहेब वाचतले, फायलीत लावतले. माका चोर म्हटल्यानी तां हयसर. ह्या लोकांनी. त्यांका कोण सांगतलो?”

त्यानं टेबलावरचा माइक उचलून तिच्यापुढं धरला.

नलिनी मीटिंगमध्येही बोलत नसे. शेजारी बसलेल्याला मेसेज करायची. तिनं हॉलकडे बघितलं. एवढी माणसं, आणि निम्म्यांचे डोळे मिटलेले. बघणारे कमी आहेत, या विचारानं तिला थोडा धीर आला. तिनं माइक घेतला.

“ऐका जरा,” ती म्हणाली. आवाज स्वतःलाच परका वाटला. “मी ह्या नंबरच्या मशीनच्या कंपनीतून आलेय. एकशे सत्तावीसनंतर हे मशीन नंबर पुकारत नाही. ही मशीनमधली चूक आहे, आणि मशीन आम्ही बनवलंय. दर बुधवारी ते इथंच बंद पडत होतं. नंदूभाऊ तरीपण डॉक्टरांकडे माणसं पाठवत राहिले, म्हणून नंबर मागंपुढं झाले. त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं नाही. ज्यांचं गेल्या बुधवारी राहिलं, ते आमच्यामुळं राहिलं.”

हॉल काही हेलावला नाही. मागून एकानं विचारलं, “मग आता आमचा नंबर लागणार कसा?” दुसरा म्हणाला, “म्हणजे मशीन पण सरकारीच निघाली.” दोघंचौघं हसली.

“आता मी चिठ्ठ्या बघून सांगते, आणि नंदूभाऊ पुकारतील,” नलिनी म्हणाली.

ती बाकांमधून चिठ्ठ्या बघत गेली. एकशे अठ्ठावीसवाला खिडकीजवळ डोळे मिटून बसला होता. तिनं नंदूला हात केला.

“एकशे अठ्ठावीस,” नंदूनं पुकारलं. त्याचा आवाज मशीनमधल्या बाईपेक्षा जाड होता आणि जरासा फाटलेला, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. तो स्वतः गेला, त्या माणसाचा हात धरून दारातून आत सोडून आला.

शेवंतीबाई अजून दाराला टेकून उभी होती. एकशे एकोणतीसही आत गेला. मग ती दारातून हलली, जवळच्या बाकावर एका बाईला सरकायला लावून बसली, आणि चिठ्ठी मुठीत धरून तिनं डोळे मिटून घेतले.