अर्धी टाकलेली कहाणी

"दाणे मुठीत धरा अन् कहाणी सरेपर्यंत कोणी उठू नका," असं म्हणत ती प्रत्येक बाईच्या हातात ज्वारीचे पाच दाणे ठेवायची. तुम्ही तिला पाहिलं असतं, तर तुम्हीही मुकाट्यानं मूठ मिटली असती. तिगावकडच्या एका खेड्यातली ती आशा कार्यकर्ती आणि मी तिथल्या उपकेंद्राची नर्स.

तिच्या कहाणीतली गौराई माहेरी यायची ती पांढरीफटक होऊन. माय विचारायची, "पोरी, रक्त तपासलं का?" मग देवीला पालेभाजी, गूळ आणि लोहाची लाल गोळी मिळायची. मी चिडायचे. देवाच्या नावानं कसल्या गोळ्या वाटायच्या?

"सिस्टर, काल तुम्ही तक्ता दाखवून राहिल्या होत्या, तं बाया जांभया देऊन राहिल्या होत्या," ती म्हणायची. "माह्या गौराईनं गोळी खाल्ली का त्याही खातेत." आणि खरंच खायच्या. मला मनातून तिचा हेवाच वाटायचा.

बायांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून तिनं एक शेपूट स्वतःच जोडलं होतं. कहाणी अर्धी टाकून जी उठेल, तिच्या लेकराला बाधतं.

एका मंगळवारी माता मंदिराच्या मंडपात कहाणी रंगली होती. सात महिन्यांची गरोदर रेखा खांबाला टेकून बसली होती. तिचा नवरा बैल हाकायची काठी घेऊन आला. प्यायलेला नव्हता, हे मुद्दाम सांगते. "घरी सैपाक कोण करन?" एवढंच बोलला. केसांना धरून त्यानं तिला पायऱ्यांवरून खाली ओढलं आणि पोटात लाथ घातली.

वीस बाया बसून राहिल्या. आपल्या लेकराला बाधेल म्हणून एकही हलली नाही. आणि मी, चांगली शिकलेली, मीही मूठ मिटून बसले होते. दुसरी लाथ बसली. तिसरी बसली. रेखा एकदाच ओरडली.

तेव्हा कहाणी सांगणारीनं आपल्या मुठीतले दाणे फेकले. "म्या खोटं सांगतलं होतं. उठा, बायांनो." ती धावत मध्ये पडली आणि काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग बाया उठल्या. चपलांनी, कळशीनं, तोंड फुटेस्तोवर त्यांनी त्याला मारलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात रेखा वाचली. पोरगी पोटातच गेली होती.

आमच्या आशा कार्यकर्तीचं मनगट वाकडंच जुळलं. रेखा माहेरी बोरगावला राहू लागली, आणि ही दर मंगळवारी बसनं तिच्याकडे डबा घेऊन जायची. रेखा डबा घ्यायची आणि न बोलता दार लावायची. "मीच तं बसवल्या होत्या साऱ्या," ही परत येऊन म्हणायची. मीही बसले होते, हे मी तिला म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

गेल्या वर्षी ती वारली. सांगायला मी बोरगावला गेले. रेखा अंगणात धुणं पिळत होती.

"तिनंच तं वाचवलं मले," ती म्हणाली. "माह्या मनात तिच्याबद्दल काहीच राग नव्हता."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं, तं तिनं येणं सोडलं असतं. दुसरं कोण येत होतं माह्याकडं?"

आणि ती पिळलेलंच लुगडं पुन्हा पिळू लागली.