एकाच ढगाखालच्या नौका

केझिया ॲट्रिल आभाळं लावायची. त्या कामाला दुसरा शब्द नाही. इंग्लंडमधल्या काउझच्या बंदरात तिचा नवरा सायलस शर्यतीच्या नौकांचे फोटो काढायचा आणि त्या फोटोंवर आभाळ चढवायचं काम केझियाचं. त्या काळी फोटो आधी काचेवर उतरत, आणि त्या काचांना पाणी दिसे, शिडं दिसत, डेकवर बटाटे सोलणारा स्वयंपाकी दिसे. आभाळ तेवढं दिसत नसे. वर कितीही देखणे ढग असोत, कागदावर सगळं पांढरंफटक. आणि गिऱ्हाईक तर पांढऱ्या आभाळाला नाक मुरडणार. एवढी हौसेने बांधलेली नौका, तिच्या डोक्यावर काहीतरी नको का?

म्हणून ॲट्रिलांच्या दुकानात एक वेगळी काच होती आणि तिच्यावर एक ढग होता. खालून सपाट, वरून फुगलेला, डाव्या अंगाने ऊन खाल्लेला. मागच्या अंगणात केझिया आधी नौकेची काच कागदावर ठेवून उन्हात धरायची. नौका उमटली की काळ्या कागदाचा बेतलेला तुकडा नौकेवर झाकायची, जोड दिसू नये म्हणून कडेने कापूस लावायची आणि वर ढगाची काच ठेवून पुन्हा ऊन दाखवायची. लग्नाआधी ती धक्क्यावरच्या दुकानात जहाजांचे झेंडे शिवत असे, त्यामुळे कात्रीवर हात बसलेला. शिडाची कड कापताना तिचा श्वास तेवढा थांबे, कात्री थांबत नसे.

सुरुवातीला एकदा चुकली होती. झाकण इंचभर सरकलं आणि ढगाचा पातळसा पदर थेट शिडावर आला. मालकाने फोटो पाहिला आणि नाखव्याला बोलावून खडसावलं, की शर्यतीच्या दिवशी इतकं मळकं शीड लावायची तुझी हिंमत कशी झाली. बिचारा नाखवा महिनाभर शीड घासत होता म्हणतात. केझिया मूग गिळून गप्प बसली.

तर अशा रीतीने इंग्लंडमधल्या निम्म्या नौका आमच्याकडे एकाच ढगाखाली धावत असत. वारा पश्चिमेचा असो की पूर्वेचा, ढग तोच. ऊन उलट्या बाजूने आलेलं असलं, तर केझिया काच पालथी करायची. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव त्याला सायलसचा ढग म्हणायचं. लांबच्या एसेक्स किनाऱ्यावरच्या एका म्हातारीचे दोन मुलगे दोन वेगळ्या नौकांवर खलाशी होते. दोघांनी आपापल्या नौकेच्या फोटोचं कार्ड घरी पाठवलं. म्हातारीने ती चुलीवरच्या फळीवर शेजारी शेजारी लावली, आणि पोरं इतकी लांब असूनही एकाच ढगाखाली आहेत याचं तिला फार समाधान वाटलं. ही गोष्ट सायलस सगळ्यांना सांगे. गोष्टी सांगायचा त्याला भारी सोस.

आता त्या काचेवरचं बाकीचं सांगतो, कारण गावाला ढग ठाऊक होता, बाकीचं नव्हतं.

काचेच्या वरच्या भागात ढग होता, आणि खाली केझिया होती. गावाच्या पश्चिमेला किनाऱ्याचं एक टोक आहे, त्याला इजिप्त म्हणतात. लग्न ठरण्याआधी एका रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, सायलसने तिला तिथे फोटोसाठी बोलावलं होतं. तेव्हा तो गोदीत सुतारकाम करायचा आणि कॅमेरा नुकताच, तोही जुना, घेतलेला. केझियाने बहिणीची गवती टोपी मागून आणली होती. वारा होता, म्हणून एका हाताने टोपी धरून ती गोट्यांवर उभी राहिली. सायलसची घाई झाली की त्याचं गणित चुकलं, देव जाणे. शटर उघडलं न उघडलं तोच मिटलं. त्या झटपट उजेडात मागचा ढग असा काही उतरला, की बघत राहावं. मुलगी मात्र काळीठिक्कर. टोपी आहे, टोपीखाली कुणीतरी आहे, एवढंच कळे.

केझियाने काच उजेडाला धरून पाहिली होती. तेव्हा सायलस गडबडीने म्हणाला होता, "पण ढग बघ ना, ढग!" तिला हसू फुटलं. त्या हसण्यावरच पुढे लग्न झालं म्हणायला हरकत नाही.

एरवी केझियाचं छान चाललं होतं. दुकान लहान पण स्वतःचं, नवरा बडबड्या पण निर्व्यसनी, अंगणात ऊन भरपूर. फोटो धुण्याच्या औषधांनी तिची बोटं तपकिरी पडली होती, म्हणून गिऱ्हाईक असताना ती पुढे दुकानात येत नसे, पडद्याआड कागद धूत उभी राही. त्याचंही तिला काही वाटत नसे. वाटे ते एकाच गोष्टीचं. रोज सकाळी ती स्वतःच्या हाताने काळा कागद स्वतःवर झाकायची आणि त्या जागी कुणाची तरी नौका येऊन बसायची. आणि वर्षं गेली तशी सायलसची गोष्ट बदलत गेली. आधी तो सांगे, की मी माझ्या आवडत्या मुलीचा फोटो काढायला गेलो आणि ढग पदरात पडला. मग मुलगी गोष्टीतून हळूच निघून गेली आणि दुपारभर वाट पाहून ढग मिळवला असं झालं. मग दुपारचे दोन दिवस झाले, मग आठवडा. केझिया पडद्याआडून ऐके आणि मनात म्हणे, याला खरंच आठवत नाही की काय? हा त्या दिवशी आला होता कुणासाठी? विचारायला ती गेली नाही. नको ते उत्तर आलं तर ते आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं.

मग एका वर्षी शर्यतीचा आठवडा तोंडावर आला होता. पॉन्सफर्ड नावाचे साबणाचे एक कारखानदार दुकानात आले. त्यांची 'ऑरिओल' नावाची हौसेची आगबोट बंदरात उभी होती आणि तिच्या फोटोवर त्यांना तो नावाजलेला ढग हवा होता. धूर उजवीकडे जातो, ढग डावीकडे झुकतो, हे सांगण्याच्या भानगडीत सायलस पडला नाही. उलट त्याने आतून काच आणली, दारात उजेडाला धरली आणि खालचा भाग नेहमीसारखा तळव्याने झाकून सुरुवात केली, की या ढगासाठी आपण पंधरा दिवस त्या टोकावर कसे उभे होतो, पावसात, गारठ्यात, नुसत्या पावाच्या तुकड्यावर.

पंधरा दिवस ऐकले आणि केझियाचा ताबा सुटला. गिऱ्हाइकासमोर ती कधी तोंड उघडत नसे, आणि उघडलंच तर नवऱ्याला मिस्टर ॲट्रिल म्हणे. आताही तसंच म्हणाली.

"मिस्टर ॲट्रिल तिथे अर्धा तास होते, साहेब," पडद्यामागून आवाज आला. "मला चांगलं आठवतं, कारण फोटो माझा होता. ढग आपला मागून चालला होता."

सायलस दचकून वळला आणि काच हातातून सुटली. दाराची पायरी दगडाची. पॉन्सफर्ड साहेबांनी आधी आपले बूट मागे घेतले, आणि फुटलेली काच आपल्या आगबोटीची नव्हती ना, याची खात्री करून घेतली. मग हळहळ व्यक्त करून निघून गेले.

केझिया धावत पुढे आली. सायलसने तिला हात लावू दिला नाही. पाठमोरा बसून त्याने सगळे तुकडे सुपलीत भरले, धक्क्यावर गेला आणि पाण्यात ओतले. खिडकीतून ती बघत होती. ढग गेल्याचं तिला इतकं वाटलं नाही. ढगाने तिचं काय भलं केलं होतं? पण खालची टोपीवाली त्या तुकड्यांत शाबूत आहे का, एवढं तरी याने बघायचं होतं. संध्याकाळी तिने हेरिंग मासे तळले, दोघं जेवायला बसले. शेवटचा काटा बाजूला ठेवत सायलस म्हणाला, की आभाळाशिवाय आता शर्यतींचं कसं करायचं. झालं, तिला जे कळायचं ते कळलं. तिने भांडी जरा आदळूनच घासली.

सकाळी सायलस म्हणाला, "टोपी घाल. ओबेद होडी घेऊन येतोय."

ओबेद म्हणजे ओबेद चीक, सायलसचा नावाडी. शर्यतीच्या नौकेच्या इतक्या जवळ होडी नेई, की खलाशी शिव्या घालत, आणि तिच्या शिडांचा वारा मात्र कधी अडवत नसे. केझियाला वाटलं, नवा ढग पकडायचाय आणि काचा द्यायला हात कमी पडतोय. तरी तिने गवती टोपी घातली, वाटेत खायला मनुके भरलेले तळणीचे गोळे फडक्यात बांधले. राग असला तरी पोट कुणाला चुकलंय?

"वा, आज आभाळाची मालकीण स्वतः आलीय!" ओबेद वल्ही सरसावत म्हणाला. "आता सांग बाई, कुठला ढग हवा? ओल्या पाठीचा की कोरड्या?"

"ज्याचं तोंड बंद राहतं तो," केझिया म्हणाली. ओबेदने खुशाल एक गोळा तोंडात टाकला.

इजिप्तच्या टोकाला होडी गोट्यांवर लागली. पाण्यापलीकडे हॅम्पशायरच्या रानावर खरोखरच एक ढग उठत होता. जुन्या ढगाहून थोरला, तीन मजली. सायलसने कॅमेरा तिपायावर चढवला. ओबेद होडीतूनच घाई करू लागला, की घे म्हाताऱ्या, असा पुन्हा मिळायचा नाही. सायलसने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची गुंडाळी काढली आणि केझियाच्या हातात दिली.

रुमालात काचेची लांबट पट्टी होती. वर जिथे ढग सुरू होई, तिथे तुटलेली. खाली टोपी धरून उभी असलेली कुणीतरी, पूर्ण, एक ओरखडा न पडलेली.

"मला वाटलं, तू सगळंच पाण्यात टाकलंस," केझिया म्हणाली.

"ढग टाकला." सायलस खाली गोट्यांकडे बघत होता. "केझी, त्या दिवशी तू बहिणीची टोपी मागून आणली होतीस आणि मी तुझा असा कोळसा करून ठेवला. तुला काय तोंड दाखवू कळेना, म्हणून ढगाचं कौतुक सुरू केलं. मग लोकच त्याला नावाजू लागले. मग मला थांबताच येईना."

"मग पंधरा दिवस?"

"पंधरा दिवस जरा जास्तच झाले," तो म्हणाला.

केझियाला हसायचंही होतं आणि रडायचंही. तिने दोन्ही थोडं थोडं केलं. सायलस म्हणाला, की आता टोपी धर आणि तिथेच उभी राहा, जिथे तेव्हा होतीस. ती जागा नक्की कुठली यावर दोघांचा थोडा वाद झाला. मग ती उभी राहिली. या वेळी त्याने घाई केली नाही. शटर सावकाश उघडू दिलं, तिच्या टोपीच्या सावलीत उजेड पोचेपर्यंत. ओबेद ओरडत होता, की अरे, ढग जळून जाईल त्याने. सायलसला ते ओबेदपेक्षा चांगलं ठाऊक होतं. चेहऱ्याला लागतो तेवढा उजेड दिला, की आभाळ हातचं जातं.

आणि गेलंच. अंधाऱ्या खोलीत काच धुतली, अंगणात ती कागदावर उमटवली, तेव्हा टोपीची वीण न् वीण दिसली, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दिसल्या, तपकिरी बोटं दिसली, ओठाच्या कोपऱ्यात चिकटलेला मनुक्याचा कणसुद्धा दिसला. मागे तीन मजली ढगाचा मागमूस नव्हता. वर नुसता कोरा कागद.

त्या शर्यतींच्या आठवड्यात ॲट्रिलांच्या सगळ्या नौका पांढऱ्या आभाळाखाली धावल्या. केझियाला धास्ती होती, की गिऱ्हाइकं अंगावर येतील. दोघा-तिघांनी कुरकुर केली, बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही. मालक फोटो हातात घेत, आपली नौका बघत, तृप्त होत. इतकी वर्षं कापूस लावत बसले त्याचं हेच का फळ, म्हणून केझियाच जरा हिरमुसली. पुढे शरद ऋतूत सायलसने नवा ढग काढला आणि त्याच्याखाली कुणालाही उभं केलं नाही. चांगला होता तो ढग. जुन्याची सर नव्हती असं गाव म्हणतं, पण गाव काय, काहीही म्हणतं.

पॉन्सफर्ड साहेब आठवड्याच्या शेवटी आपल्या आगबोटीचा फोटो न्यायला आले. पांढऱ्या आभाळाखालची 'ऑरिओल' त्यांना पसंत पडली. धूर छान उठून दिसतो म्हणाले. जाताना काचेच्या खिडकीपाशी थबकले. खिडकीत सगळीकडे शिडंच शिडं, आणि मधोमध, सर्वांत मोठ्या चौकटीत, एका हाताने टोपी धरून उभी असलेली मध्यमवयीन बाई. डोक्यावर काहीच नाही.

"हा तुमचा उत्तम फोटो दिसतोय, मिस्टर ॲट्रिल," ते म्हणाले. "याच्यावर तरी एखादा ढग घ्यायचा होतात."

पडद्याआड केझियाचे हात पाण्यात होते तसेच थांबले. आता हा काहीतरी रचून सांगणार, पंधरा दिवसांचा महिना होणार, असं तिला वाटलं.

"ढगासाठी गेलो नव्हतो, साहेब," सायलस म्हणाला. मग त्या चौकटीकडे बघून म्हणाला, "तेव्हाही नव्हतो गेलो."

केझियाने कागद पाण्यात तसाच सोडला. ओली तपकिरी बोटं एप्रनला पुसत तिने पडदा बाजूला सारला, आणि गिऱ्हाईक दुकानात असताना ती पहिल्यांदाच पुढे येऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली.