थांबाबाई आणि श्वासाची नळी

वॉर्डात तिला सगळे थांबाबाई म्हणत, अगदी तोंडावर. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सव्वीस वर्षं काढलेली सिस्टर. अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र पातेलं आपटल्यासारखा. डबा उभ्यानंच खाणार, लिफ्टची वाट न बघता चार मजले चढणार. पण बाळाजवळ गेली की पहिला शब्द, "थांबा."

माझी पणती अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जगात आली, अकराशे ग्रॅमची. नातजावई परगावी, म्हणून नातीसोबत मला आत सोडत. कोपरापर्यंत हात धुऊन धुऊन माझी सालटी निघाली. सतराव्या दिवशी ठरणार होतं, श्वासाची नळी काढायची का. ती निघाली की नात लेकीला पहिल्यांदा छातीशी धरणार होती.

तिथली रीत अजब. बाळाला ज्याचा हात शेवटचा लागला तो आधी बोलणार, मोठे डॉक्टर सगळ्यांत शेवटी. मला कुठला धीर! म्हटलं, "अहो, मोठे तुम्ही, सांगून मोकळे व्हा की!"

"आजी, मी तिला दहा मिनिटं बघतो. ह्या दिवसभर बघतात."

"थांबा," थांबाबाई म्हणालीच. "आकडे झकास आहेत. पण डायपर बदलताना दोनदा श्वास घ्यायची विसरली. मशीननं सांभाळून घेतलं, म्हणून आकड्यांत दिसत नाही."

नातीचा चेहरा पडला. घातला हिनं मोडता, मी मनात चरफडले.

छोटी डॉक्टर फाईल चाळत पुटपुटली, "सर, वजन वाढलंय, पण श्वासाच्या औषधाचा डोस जुन्याच वजनाचा आहे. माझ्याकडून राहिलं."

कोणी डोळे वटारले नाहीत. "बरं झालं सापडलं," एवढंच. मग मोठे डॉक्टर नातीकडे वळले. "आई, तुम्हाला काय वाटतं?"

ती चाचरली. "मी डोक्यावर हात ठेवला की ती शांत असते. डायपरच्या वेळी मात्र मला बाजूला करतात."

"चुकलंच आमचं," थांबाबाई म्हणाली. "आजपासून हात तुमचा, डायपर माझा."

ठरलं. डोस वाढवायचा, एक दिवस थांबायचं.

मी थांबाबाईला बाहेर गाठलं. "अगं, तू कधी गप्प बसतेस की नाही?"

"बसले होते आजी, पहिल्या वर्षी. लहान तोंडी मोठा घास नको म्हणून. एका बाळाची नळी घाईनं काढली, आणि संध्याकाळी त्याला ती परत घालावी लागली. आता नोकरीला जातो तो. पण ती संध्याकाळ काही माझ्या डोक्यातून जात नाही."



दुसऱ्या दिवशी नातीचा तळवा डोक्यावर असताना डायपर बदलला. श्वास एकदाही चुकला नाही. सगळे जमले आणि थांबाबाईकडे बघत उभे राहिले. मोठे डॉक्टरही. पाळी तिची होती.

"आता थांबलात कशाला?" ती कडाडली.

नळी निघाली. पणती मांजराच्या पिल्लासारखी कुरकुरली. सतरा-अठरा दिवसांत तिचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. नातीनं तिला छातीशी घेतलं. मी चष्मा काढून डोळे पुसले.

"आजी, चष्म्याला हात लावलात," मागून आवाज आला. "चला, परत धुवा."

गेले मुकाट्यानं.