उणे नऊ अंशांत गोठलेला डबा

२ जुलै, बुधवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे, तापमान उणे नऊ. दक्षिण गोलार्धातल्या, जुलैत ऐन हिवाळा असणाऱ्या कूमा गावातील मेकॅनिक मिलोश ब्रेझिना ऊर्फ ब्रेझ याच्या स्वतःच्या गाडीतला ऑइल कॅच कॅन आतून दगडासारखा गोठलेला आढळला. डब्यासोबत आलेल्या आठ पानी माहितीपत्रकात चकचकीत छायाचित्रे आहेत. कडाक्याच्या थंडीविषयी एक अक्षरही नाही. ही तक्रार येथे नोंदवून ठेवली आहे.

डिझेल इंजिनाच्या पोटातून तेलकट वाफ निघते. ती पुन्हा त्याच्याच श्वासात जाऊन काजळी धरू नये, म्हणून वाटेत हा छोटा डबा बसवतात. तेल आणि पाणी त्यात साचते आणि खालच्या तोटीने काढून टाकता येते. पण पाणी गोठले की वाफेची वाट बंद होते, आणि कोंडलेले इंजिन मिळेल त्या फटीतून तेल ओकू लागते.

ब्रेझच्या चालू गाडीतली डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, तेव्हा बोटभर वर उचलली गेली होती आणि भोवती तेलाचे थेंब उडत होते. त्याने घाईने इंजिन बंद केले. धरणाच्या बोगद्यांत राबायला परमुलखातून आलेल्या बापाचा हा मुलगा. छप्पन वर्षांच्या आयुष्यात त्याने कुणाचीही गाडी स्वतः वीस किलोमीटर चालवून पाहिल्याशिवाय परत दिली नव्हती. त्या चालवण्यात सारे काही कळते, असा त्याचा अभिमान होता. मात्र असाच डबा बसवून त्याने हेदरची गाडी चालवून पाहिली होती ती जानेवारीत, भर उन्हाळ्यात.

हेदर कार्गिल ही गुरांची डॉक्टर. तिच्या बॉनेटखाली लसींच्या फ्रिजसाठी जास्तीची बॅटरी होती. म्हणून इंजिनाजवळच्या उबेत जागा उरली नव्हती. ब्रेझने डबा पुढे, दिव्यामागे, थेट वाऱ्याच्या तोंडी बसवला होता. "तेल बदलताना रिकामा केलास तरी चालेल," असेही त्याने तिला सांगितले होते. माहितीपत्रकात तसेच लिहिले होते.

त्याने फोन लावला. लागला नाही. दवाखान्यात लावला, तेव्हा हेदरची मदतनीस जांभई देत म्हणाली, "ती गेली की साडेपाचलाच. कियांड्राच्या बाजूला गाय अडलीय. वाटेत अडामिनाबीला थांबून औषधं घेणार होती. का रे?"

"निघताना गाडी कशी वाजत होती?"

"गाडीसारखीच. तू तिच्या प्रेमात पडलायस की गाडीच्या?"

ब्रेझने फोन ठेवला. त्याने पान्याने डबा सोडवला, नळी मोकळी ठेवली, सांडलेल्या तेलाची भरपाई केली आणि गाडी रस्त्यावर घातली.

अडामिनाबीच्या पुढे डांबरावर काचेसारखा बर्फ होता. प्रत्येक वळणाआधी ब्रेझ वेग कमी करी आणि वळण संपताच स्वतःला शिव्या देत पुन्हा वाढवी. बारा किलोमीटरवर त्याला प्रथम धूर दिसला. झाडांच्या शेंड्यांवर निळसर पांढरा लोट उभा होता. मग इंजिनाची किंकाळी ऐकू आली. हवा आत ढकलणाऱ्या टर्बोतून इंजिनात तेल शिरले होते. इंजिन आता डिझेलवर नव्हे, स्वतःच्याच तेलावर धावत होते.

हेदर गाडीपासून पन्नास पावलांवर, औषधांची पेटी छातीशी धरून उभी होती.

"किल्ली माझ्या हातात आहे, ब्रेझ!" ती ओरडली. "किल्ली काढली तरी बंद होत नाहीये!"

"मागे हो! अजून मागे!"

"अरे, तू कुठे चाललास? मरू दे ना ती गाडी! फुटली तर?"

"डबा मी बसवलाय!"

आत धुराने डोळे उघडवत नव्हते. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्टीच्या शेवटाला चिकटला होता. ब्रेझने क्लच दाबला, तसा इंजिनाचा आवाज आणखी चढला. इंजिन बळेच बंद पाडायला त्याने सगळा भार ब्रेकवर टाकला, गिअर पाचव्यात ढकलला आणि क्लचवरून पाय काढला. गाडीने अंग टाकल्यासारखा हिसका दिला, नाक रस्त्याकडेच्या खड्ड्याकडे फूटभर सरकले. इंजिन दोनदा कण्हले आणि गप्प झाले. ब्रेझने कपाळ स्टिअरिंगवर टेकवले.

हेदरने दार उघडले. "मी काही चुकवलं का?"

"नाही. तू सांगितलं तसंच केलंस. सांगणारा मीच होतो."

तिने हात पुढे केला. "रडायचं असेल तर पटकन रड. गाय थांबणार नाही. तुझी किल्ली दे."

ती ब्रेझची गाडी घेऊन गेली. वासरू मेले, गाय वाचली. हेदरचे इंजिन मात्र कायमचे गेले.

त्या आठवड्यात ब्रेझने आपण बसवलेला प्रत्येक डबा घरोघर जाऊन उघडला. डबा बनवणाऱ्यांना त्याने चार पत्रे लिहिली. उत्तर एक आले: वस्तूचा वापर अयोग्य हवामानात झाला आहे. हवामान आमचे इथले आहे. त्याला अयोग्य ठरवणारे हे कोण?

वाचकहो, तुमच्या गाडीत असा डबा असेल आणि तुमच्या गावी पाणी गोठत असेल, तर आजच खाली जाऊन तोटी उघडा. डबा वाऱ्यात बसवलेला असेल तर इंजिनाच्या उबेत हलवून घ्या. ते जमत नसेल तर हिवाळाभर काढून ठेवा. आणि विकणाऱ्याला थंडीची सूचना लेखी मागा. ती दिली नाही, तर डबा परत करा.