नंदूकाकांचं नवं गाणं आणि बेल्ह्याचा बैल

नंदूकाकांचे किस्से म्हणजे माझ्या बॅगेतल्या चार्जरच्या वायरी. एक ओढायला जावं तर अख्खा गुंता हातात येतो! मी हे कधी लिहून ठेवले नाहीत, मुद्दाम लक्षातही ठेवले नाहीत. पण मित्रांमध्ये कुणी नुसतं 'रॉक' म्हणालं तरी मी सुरू होते, आणि समोरच्याची कॉफी गार.

आधी माणसं सांगते. मोजकीच आहेत, टेन्शन नको.

नंदूकाका अवसरी बुद्रुकचे. सत्तरीला टेकलेत, केस खांद्यापर्यंत, आणि खांद्यावर एकतर गिटार नाहीतर फवारणीचा पंप. कॉलेजला पुण्यात होते तेव्हा त्यांनी 'हातोडा' नावाचा बँड काढला होता. मराठीतून रॉक! त्या काळात! माझ्या बाबांकडे त्यांची एकुलती एक कॅसेट होती, ती ऐकतच मी मोठी झाले. पुढे बँड फुटला, काका गावी आले आणि कांदा-बटाट्यात रमले. शोभाकाकू त्यांच्या बायको. मंग्या मंचरचा, लग्नांना साउंड लावतो, घराच्या वरच्या खोलीत त्यानं स्टुडिओ केलाय. आणि मी पुण्याची, गाणी ऑनलाइन रिलीज करणाऱ्या कंपनीत कामाला.

राहिले जालूभाऊ. हातोड्याचे ड्रमर, बेल्ह्याचे. त्यांच्या बहिणीचं लग्न आणि पुण्यातला मोठा शो एकाच दिवशी आला. काकांनी शो सोडला नाही, दुसरा ड्रमर बसवला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. माझ्या जन्माच्या आधीपासून बंद!

तर इतक्या वर्षांनी काकांनी नवं गाणं केलं. 'ढेकूळ'. गिटार काकांची, आवाज काकांचा, ड्रम मंग्याच्या मशीनचा. मी पहिल्यांदा ऐकलं आणि खुर्चीवरून उठून नाचले. खरंच! आता काकांनी फक्त 'हो' म्हणायचं, की मी शुक्रवारी रिलीज करणार. एवढंच बाकी होतं.

पण काका 'हो' म्हणेनात.

*

काकांचं म्हणणं, गाणं स्टुडिओत पास होत नसतं. "ऐकणारा काय मंग्याच्या खोलीत येऊन बसणारे व्हय? गाणं ट्रॅक्टरवर वाजलं पायजे."

म्हणून पहिली टेस्ट ट्रॅक्टरवर. पेन ड्राइव्ह लावला, मागं रोटाव्हेटर सुरू केला, आणि काका ढेकळं फोडत निघाले. मी आणि मंग्या बांधावर, निकालाची वाट बघत.

परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "बेस नाय."

मंग्या म्हणाला, "काका, रोटाव्हेटर चालू हाय! त्यात बेस कसा ऐकू येणार?"

"मग माझा बेस रोटाव्हेटरच्या वर काढ."

मंग्यानं तिथंच लॅपटॉप उघडला. हा लॅपटॉप तो सगळीकडे घेऊन फिरतो, पाणी द्यायला गेला तरी. बेस वाढवला. काका पुन्हा फेरी मारून आले. यावेळी आठ्या जास्त!

"आता काय?"

"आता रोटाव्हेटर ऐकू येत नाय. पातं तुटलं तर मला कळणार कसं? कमी कर!"

*

मला वाटलं, ही सगळी भानगड मी एका मिनिटात संपवते. माझे हेडफोन्स! बाहेरचा आवाज शून्य. मी पुण्याहून मुद्दाम घेऊन गेले आणि काकांच्या कानाला लावले. "आता ऐका."

काका बांधावरच्या लिंबाखाली बसले. डोळे मिटले. गाणं सुरू झालं, आणि थोड्या वेळानं काकांची मान हलायला लागली. मग खांदे. मग त्यांनी ते सगळे पांढरे केस मोकळे सोडले आणि जे काय हेडबँगिंग सुरू केलं! मी मोबाइलवर शूट करत होते, म्हणून मला शेजारच्या वावरातली पारूआजी आलेली दिसलीच नाही.

पारूआजीनं काय बघितलं? लिंबाचं झाड. खाली म्हातारा. केस सुटलेले, डोळे मिटलेले, मान गदागदा हलतीये. आजीनं खुरपं टाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि थेट पुढ्यात जाऊन बसली!

"देवा, माझ्या नातीचं लगीन जमंल का?"

काकांना शष्प ऐकू येत नव्हतं. मान वर-खाली, वर-खाली.

"औंदा जमंल?"

नेमका तेव्हाच सोलो सुरू झाला. मान अशी उडायला लागली की मला वाटलं आता निखळते!

आजी पाया पडून गेली. मी हसून हसून बांधावर लोळले. पण महिन्याभरात नातीचं जमलं हो! नारायणगावचं स्थळ, मुलाची टोमॅटोची मोठी बाग. साखरपुड्याला काकांना पहिल्या रांगेत बसवलं, टोपी-टॉवेल दिला. आणि पारूआजी प्रत्येक पाहुण्याला सांगत होती, "लई देव पाह्यले मी. पर इतक्या जोरात व्हय म्हणनारा ह्यो पयलाच!"

*

शोभाकाकूंनी हे गाणं रोज ऐकलंय. त्यांना पर्यायच नव्हता. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला कसं वाटतं?"

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चांगलंय की. ह्यांचं गाणं लागलं की उसाकडं बिबट्या फिरकत नाय."

काका ओसरीवरून ओरडले, "तिला कळतं काय म्युझिकमधलं!"

"म्युझिकमधलं नाय कळत. पर त्या मधल्या टुईंटुईंला मी चहा ठेवला, की तो उकळून उतू जातो, तरी तुमचं टुईंटुईं सुरूच!"

काका तरातरा उठून शेतात निघून गेले. म्हटलं झालं, आज जेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले, गिटार बाजूला ठेवली, आणि अगदी प्रोफेशनल आवाजात मंग्याला म्हणाले,

"सोलो कमी कर. चहा उतू जातोय."

*

एका संकष्टीला काकांना वाटलं, पेन ड्राइव्ह ओझरच्या विघ्नहराच्या पायाशी ठेवून आणावा. काका-काकू दर्शनाच्या रांगेत. मंग्या आणि मी पार्किंगमध्ये. मंग्या म्हणाला, "त्यांचं होईपर्यंत आपण माझ्या टेम्पोच्या स्पीकरवर टेस्ट घेऊ." त्याला कुठंही मोकळी जागा दिसली की टेस्ट सुचते.

शेजारी अष्टविनायकाची बस उभी होती. ड्रायव्हर दाराला टेकून तंबाखू मळत होता. त्यानं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मळलेली तंबाखू तोंडात टाकायची विसरला! मी खूश. तेवढ्यात काका प्रसाद घेऊन आले.

"काय पावणं, कसंय गाणं?"

"एक नंबर. पर बसमधी नाय चालायचं."

"का?"

"झोप उडती."

काकांची छाती फुगली. "मग चांगलंच की! ड्रायव्हरची झोप उडालीच पायजे."

"माझी उडूद्या हो! पॅसेंजरची उडती ना! झोपलेला पॅसेंजर गपगुमान देवापर्यंत येतो. जागा झाला, की दर ढाब्याला 'गाडी थांबवा'!"

*

एव्हाना पाच-सहा शुक्रवार हुकले होते. ऑफिसात माझी बॉस रोज विचारायची, "तुझ्या त्या रॉकवाल्या आजोबांचं झालं का गं?" आणि मी रोज ठणकावून सांगायचे, "या शुक्रवारी, शंभर टक्के!" मला खात्रीच होती. गाणं भारी होतं, यात वाद नाही! मग काका अडलेत कशावर?

ते कळलं मंग्याच्या वडिलांमुळे. दादा, म्हणजे मंग्याचे वडील, पूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत पुढे राहून ताशा वाजवायचे. ते एकदा स्टुडिओत डोकावले. मंग्यानं त्यांना गाणं लावून दिलं. ते उभ्यानंच ऐकत राहिले. संपल्यावर काकांना म्हणाले,

"गाणं झ्याक हाय भाऊ. फक्त कुठल्या ठोक्याला पाऊल टाकावं, तेवढं कळंना. माणूस जागच्या जागी उभा ऱ्हातोय."

मंग्या उसळला. "दादा, मशीन हाय ते! एक ठोका इकडचा तिकडं व्हत नाय!"

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाले आणि जेवायला गेले.

मी म्हटलं, "काका, एवढ्या सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांना आवडलं. आता बास ना?"

"सगळ्यांनी ऐकलं गं पोरी," काका म्हणाले. "एकानं नाय ऐकलं."

मी म्हटलं, "मग फोन करा ना जालूभाऊंना."

"आन् म्हणू काय? तुझ्या जागी मशीन बसवलंय, ऐक?"

मंग्यानं माझ्याकडे बघितलं, मी मंग्याकडे. मंग्या हळूच म्हणाला, "जालूभाऊ बैलांचा व्यापार करत्यात. बाजाराच्या दिवशी बेल्ह्यात असत्यात."

काका लगेच उठले. "मला तसाबी एक बैल बघायचाच हाय."

डबा घेऊन आलेल्या शोभाकाकूंचा दारातून आवाज आला, "बैल? ट्रॅक्टरला जुपायला?"

*

तर बेल्ह्याचा बाजार.

मंग्याचा टेम्पो, मागं दोन मोठे स्पीकर, पुढं आम्ही तिघं. बाजारात ही धूळ, ही गर्दी! हंबरणं, हॉर्न, शेंगदाणे, घुंगरं. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढी शिंगं एकत्र बघत होते. एका ठिकाणी दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती आणि हातांवर टॉवेल टाकलेला. मंग्या म्हणाला, "सौदा चाललाय. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. ज्याचं त्याला कळतं, बाकी बाजाराला नाय."

काकांनी लांबूनच जालूभाऊंना ओळखलं. उंच, काळेसावळे, पिवळा फेटा, हातात एका पांढऱ्या खोंडाची दोरी. काका टेम्पोतून उतरले आणि मला म्हणाले, "लाव."

मी लावलं. फुल व्हॉल्यूम!

गिटार सुरू झाली. लोक वळून बघायला लागले. मग मशीनचा ड्रम आला, आणि जालूभाऊंच्या हातातला खोंड असा बुजला की दोघा माणसांनी धरून आवरला! चारी बाजूंनी ओरडा सुरू. "बंद कर रं ते!" "लग्न कुनाचंय?" मी घाबरून बंद करायला गेले, तर काकांनी हातानंच नको म्हणून खुणावलं.

जालूभाऊ खोंड घेऊन चालत आले. काकांकडे बघितलंच नाही. स्पीकरसमोर उभं राहून, खोंडाच्या मानेवर हात ठेवून, गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग खोंडाकडे बघतच म्हणाले,

"ह्यो रोज ट्रकचे हॉर्न ऐकतोय. फटाक्याला हालत नाय. ह्यालाच कसा बुजला?"

काका म्हणाले, "बैल बघायला आलोय."

"ट्रॅक्टर हाय ना?"

"हाय."

"मग?"

"बघतो की नुसता."

काकांनी पुढं होऊन खोंडाचं तोंड उघडलं. जालूभाऊ म्हणाले, "दात काय बघतोस? त्याला गायला लावनारंस का?"

आजूबाजूचे हसले. काका नाही हसले. त्यांनी खोंडाचं तोंड हळूच मिटलं.

मग जालूभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि हात पुढे केला. काकांनी हात दिला. वर टॉवेल पडला.

आम्ही बघत राहिलो. सौद्याला असा किती वेळ लागतो? दोन बोटं, तीन बोटं, झालं. पण हे चालूच! टॉवेल हलत होता. थांबत होता. पुन्हा हलत होता. मागचा एक व्यापारी म्हणाला, "लई वडाताण चाललीय राव! बैल हाय का हत्ती?"

शेवटी जालूभाऊंनी टॉवेल ओढला आणि त्याच टॉवेलानं तोंड पुसलं. काका टेम्पोत येऊन बसले.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"शुक्रवारचं रिलीज थांबव."

"काका!! परत? अहो, पण टॉवेलाखाली काय बोललात?"

"टॉवेलाखालचं टॉवेलाखाली!"

मागचा फाळका धाडकन लागला. मी वळून काचेतून पाहिलं. दोन स्पीकरच्या मधे पांढरा खोंड उभा, आणि त्याची दोरी मनगटाला गुंडाळून जालूभाऊ खाली बसलेले. मंग्यानं टेम्पो काढला. बाजार मागे पडला, आळेफाट्याचा रस्ता लागला, तेव्हा मागून आवाज आला.

"ए पोरी! लाव पयल्यापास्नं. आन् ते मशीन बंद कर!"

लॅपटॉप माझ्याच मांडीवर होता. मी काकांकडे बघितलं. काका समोर रस्त्याकडे बघत होते. मी ड्रमचा ट्रॅक म्यूट केला आणि गाणं सुरू केलं. नुसती गिटार. फुल व्हॉल्यूम.

मग मागं टेम्पोच्या पत्र्यावर पहिला ठोका पडला. असा, की माझ्या सीटपर्यंत आला!

खोंड हललासुद्धा नाही.