चौथ्या मजल्यावरची झेंडी

आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, उन्हासारखे आपोआप घरात शिरतात. रायपूरच्या शंकर नगरातली ही चार मजल्यांची इमारत, आणि सगळ्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला. फ्लॅट दाखवताना बिल्डर म्हणाला होता, "उजेडच उजेड!" खिडक्यांवर छज्जे मात्र त्याने काढलेच नाहीत, कारण म्हणे लुक बिघडतो. थंडीत ते तिरपं ऊन छान वाटतं. होळी जवळ आली की सोफ्यावर बसवत नाही.

*

पहिला उपाय माझ्या नवऱ्याने केला. मुकुंद उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहे. "दिवसभर भट्टीपाशी, अन् घरी आलो तरी भट्टीच," असं म्हणत त्याने एका रविवारी सगळ्या काचांना चकचकीत चंदेरी कागद चिकटवला. घर खरंच जरा थंड झालं. आम्ही दोन दिवस खूश होतो.

तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या मिश्रा दीदी दारात उभ्या. डोळ्यांवर काळा गॉगल, हाताला कणीक.

"दीदी, तीन दिन से गॉगल लगाकर रोटी बेल रही हूँ."

मुकुंदने त्याच संध्याकाळी कागद काढला.

*

खरा उपाय निघाला चौथ्या मजल्यावरून. तिथे वानखडे काका एकटे राहतात. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झाले. काकू गेल्यापासून घर, कुंड्या आणि आम्ही, एवढंच त्यांचं जग. आम्ही जाडजाड पडदे लावले ते पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"पडदा आतून काहून लावता? काचेतून ऊन आत आलं म्हणजे आलंच ना. प्रवासी डब्यात शिरल्यावर दार लावून काय फायदा?"

मग आम्ही सगळ्यांनी खिडकीच्या बाहेरून चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे गुंडाळायचे पडदे, टांगल्या. ऊन यायच्या आधी चिक खाली आणि काच बंद. संध्याकाळी बाहेरची हवा निवली की सगळं सताड उघडं. वेळ कोणी पाळायची, हा प्रश्न काकांनी सोडवला. सकाळी नऊ वीसला चौथ्या मजल्याच्या खिडकीतून लाल झेंडी बाहेर, म्हणजे बंद करा. संध्याकाळी हिरवी, म्हणजे उघडा. झेंड्या खऱ्या, नोकरीतल्याच.

*

तेवढ्यात वर्ध्याहून माझ्या सासूबाई आल्या. भर दुपारी अंधारं घर पाहून दारातच थबकल्या.

"काहून वं, असं दारं-खिडक्या लावून बसली? कोनी गेलं का?"

मी समजावेपर्यंत त्यांनी खिडकी उघडून चिक वर केलीसुद्धा. दोन मिनिटांत काकांचा फोन आला.

"सूनबाई, दुसऱ्या मजल्यानं सिग्नल तोडला."

सासूबाई चिडल्या. चार दिवसांनी मुकुंद लवकर घरी आला आणि खिडकी उघडायला लागला, तेव्हा त्याच ओरडल्या, "थांब रे पोट्ट्या, हिरवी कुठं झाली अजून?"

*

आम्हाला ही गंमत होती, काकांना नव्हती. त्यांची मुलगी शुभदा पुण्यात असते. मागच्या उन्हाळ्यात काकांना घरातच चक्कर आली होती, तेव्हापासून ती धास्तावली होती. तिने भिंतीवर थर्मामीटर लावून दिलं आणि अट घातली. मार्चमध्ये घरातलं तापमान चौतीसच्या वर गेलं, की काकांनी कायमचं पुण्याला यायचं.

"पुणं चांगलं आहे," काका मला म्हणाले, "पण मले तिथं कोन ओळखते?"

रोज तीनला ते आकडा रजिस्टरमध्ये लिहायचे आणि शुभदाला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायचे. तेहतीस. साडेतेहतीस. चौतीसला टेकलं तेव्हा तळमजल्यावरचे साहूभैया हळूच म्हणाले, "काका, थर्मामीटर मटके के पास टांग दो."

काकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "भैया, गाड़ी लेट थी तो मैंने जिंदगीभर लेट ही लिखी है."

साहूभैया गुपचूप चहा प्यायले.

*

होळीनंतरच्या रविवारी साहूभैयांनी सगळ्या बिल्डिंगला आपल्या गावी जेवायला नेलं. काका प्रवास नको म्हणून थांबले. आम्ही वेंधळे, होळीच्या रंगाने माखलेल्या फरश्या धुऊन वाळायला खिडक्या उघड्याच टाकून गेलो.

काका दूध घेऊन परत आले आणि खालून पाहतात तर खालचे सगळे मजले उघडे. आमच्या सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. लिफ्ट बंद होती. त्यांनी जिने चढून एकेक घर उघडलं, सगळ्या चिका पाडल्या, आणि आमच्या सोफ्यावर जरा टेकले ते तिथेच झोपले. जाग आली तेव्हा दोन वाजून गेले होते.

त्या दिवशी आमच्या घरात गारवा होता. काकांच्या घरात छत्तीस.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा शुभदाचा पुन्हा फोन चालू होता. तिने विचारलं, "एकदम इतकं कसं काय?" काका एवढंच म्हणाले, "ऊन आलं." फोन ठेवल्यावर मी रजिस्टर पाहिलं. छत्तीसच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं होतं: 'इतर घरांच्या चिका पाडल्या. स्वतःच्या राहिल्या.' मला रडू आलं. मी शुभदाला फोन करते म्हटलं, तर काकांनी शपथ घातली. "अट म्हणजे अट."

*

आठवड्याने शुभदा न्यायला आली. दोन दिवसांत सामान बांधून झालं. निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी गेटशी लागली आणि आम्ही सगळे खाली जमलो. सासूबाईंनी शिदोरी दिली. कोणत्या कुंडीला किती पाणी लागतं ते काका मला तिसऱ्यांदा सांगत होते. शुभदा म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा गाडीत. मी वर कुलूप लावून येते. काही राहिलं का?"

"टेबलावर रजिस्टर आहे," काका म्हणाले. "तेवढं घेऊन ये."

दहा मिनिटं झाली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. काकांनी सवयीने घड्याळ पाहिलं, नऊ वीस झाले होते, आणि त्यांची मान आपोआप वर गेली. मग आमच्याही माना वर गेल्या.

चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला होता आणि त्या हातात लाल झेंडी होती. दुसऱ्या हातात उघडं रजिस्टर.

ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "अंकल, चलना है कि नहीं?"

वॉचमनने उठून गेट लावून घेतलं.

"लाल झंडी हे भैया," तो म्हणाला, "गाड़ी नइ जाय."