न धुतलेला पंप

आज शेजारी फवारणीचा पंप धूत होते. तणनाशकाच्या उग्र वासानं मला इंदापुरातला माझा कॉम्प्युटर क्लास आठवला, विंडोज ९५ च्या दिवसांतला.

निमगाव केतकीच्या तात्यांनी वारलेल्या वडिलांची मेंढरांच्या औषधांची वही माझ्याकडून टाइप करून घेतली होती. जीर्ण वही पायदळी नको म्हणून त्यांनी ती कालव्यात सोडली.

त्याच आठवड्यात एका मशीनमध्ये व्हायरस सापडला. अँटीव्हायरसची एकच फ्लॉपी घेऊन मी सगळी मशीनं तपासली. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवली की फ्लॉपीवर काहीच लिहिलं जात नाही, व्हायरससुद्धा. तीच मी विसरलो. व्हायरस फ्लॉपीत शिरला आणि मीच तो मशीनमशीनला वाटला. तात्यांचं सगळं पुसलं गेलं. दुसरी प्रत मी काढलीच नव्हती.

तात्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजी तणनाशकाचा पंप न धुता बागंवर मारला म्हणा."

मी मान हलवली. ते रागावले नाहीत, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज वाटतं, रागावले असते तर बरं.

"लिवा, आठवतंय तेवढं सांगतो," ते म्हणाले. तीन औषधं सांगून थांबले. मी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत राहिलो.

"पुढचं बापाला इचारलं पायजे," ते म्हणाले.